तारांखालच्या खांबाची हाक

धूरखिंडीत त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं, आणि ठाण्याच्या कोपऱ्यात पाय दुमडून बसलेला वाटाड्या उठून उभा राहिला.

"तारांखालच्या खांबापाशी कुणीतरी आहे," तो म्हणाला. "मी जाऊन घेऊन येतो."

दार सरकलं. थंडगार धुक्याचा लोट आत शिरला आणि वाटाड्या त्यात दिसेनासा झाला. थोडा वेळ त्याच्या भोंग्याचा आवाज येत राहिला, मग तोही विरला.

वल्लरी खिडकीच्या काचेला नाक लावून बघत राहिली. सहामाही परीक्षा संपली तशी ती आत्याकडे राहायला आली होती. तिची सानिकाआत्या इलेक्ट्रॉनिक्समधली शास्त्रज्ञ. खिंडीच्या माथ्यावरच्या दगडी ठाण्यात ती आणि वाटाड्या असे दोघंच राहत. घाटातला मोटाररस्ता जंगल वाचवण्यासाठी कायमचा बंद झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दोन्हीकडच्या गावांतली माणसं पुन्हा जुन्या पायवाटेने ये-जा करू लागली होती. वाट सुरेख होती, पण धुकं पडलं की आपलाच पसरलेला हात दिसत नसे, आणि वाटेच्या एका अंगाला सरळ तुटलेला कडा होता.

म्हणून वाटेवर जागोजागी लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबावर एक मोठा खटका. धुक्यात अडकलेल्या माणसाने खटका खाली ओढायचा आणि तिथेच थांबायचं. खांबावर लाल दिवा लागे, ठाण्यातल्या फळीवर त्याच खांबाच्या नावाचा दिवा लागे, आणि वाटाड्या निघे. वाटाड्या हा यंत्रमानव होता खरा, पण दिसायला माणसासारखा मुळीच नव्हता. वासराएवढी उंची, चार पाय, मानेवर पिवळा दिवा आणि पाठीवर धरायला एक दांडी. ती दांडी धरून कितीतरी माणसं सुखरूप घरी गेली होती.

बऱ्याच वेळाने दार पुन्हा सरकलं. वाटाड्या ओलाचिंब होऊन आत आला. दांडी धरून कुणीही आलेलं नव्हतं.

"आजही कुणी नाही?" आत्याने विचारलं.

"हाक होती, सानिकाताई. मी पोहोचलो तेव्हाही चालू होती. मी खांबाभोवती फिरलो. भोंगा वाजवला. खटका वरच होता, कुणी ओढलेला नव्हता. तरी हाक चालू होती." वाटाड्याचा आवाज एखाद्या वयस्क माणसासारखा, जरा घोगरा होता. घाबरलेल्या माणसाला ऐकून धीर यावा म्हणून आत्याने तो मुद्दाम तसा ठेवला होता. पण आत्ता तो ऐकून वल्लरीच्या अंगावर काटा आला. "मग हाक बंद झाली, म्हणून मी परत आलो."

"कुणी नव्हतं, तर हाक कोण देत होतं?" वल्लरीने विचारलं.

"मला माहीत नाही," वाटाड्या म्हणाला. "मला दिसलं नाही. पण खांब म्हणत होता, की कुणीतरी आहे."

धुकं पडलं की हल्ली हे असंच व्हायचं. पायथ्याच्या वाडीतली माणसं तर आता त्या खांबाशी थांबतही नसत. फार पूर्वी डोंगरावरून विजेच्या तारा ओढल्या, तेव्हा एक कामगार धुक्यात गेला तो परत आलाच नाही, असं ती सांगत. तोच आता हाका मारतो म्हणे.

"आत्या, तुला खरं वाटतं ते?"

"मला एक शंका आहे," आत्या म्हणाली. "पण मी सांगितलं तर तू मान डोलावशील आणि उद्या विसरशील. आधी आपण खांब बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरळ झालेलं पाहून तिघं निघाली. तारांखालचा खांब वाटेच्या सगळ्यात ओसाड वळणावर होता. त्याच्या डोक्यावरून, या डोंगरावरून त्या डोंगरावर, जाडजूड विजेच्या तारा गेल्या होत्या. त्या गुणगुणत होत्या. कुणीतरी ओठ मिटून एकच सूर धरून ठेवावा तसा तो आवाज सगळीकडून येत होता आणि कुठूनच येत नव्हता.

आत्याने खांबाच्या पोटातली छोटी पेटी उघडली. आत हिरव्या रंगाची एक पट्टी होती, बिस्किटाएवढी. आजूबाजूला गंज चढला होता. आत्या वाकून काहीतरी बघू लागली.

लाल दिवा विझलेला होता. वल्लरीने सहज, पेटीत काय आहे ते दाखवायला बोट पुढे केलं. तिचा हात अजून वीतभर दूर होता.

दिवा लागला.

तिने दचकून हात मागे घेतला. दिवा विझला.

"मी हात लावला नाही!" ती म्हणाली. "आत्या, देवाशप्पथ, मी कशालाच हात लावला नाही!"

"पुन्हा पुढे कर," आत्या शांतपणे म्हणाली.

वल्लरीने घाबरत घाबरत हात पुढे केला. दिवा थरथरत लागला. जणू कुणीतरी आतून तिच्या हाताकडे बघत होतं, आणि हात जवळ आला की डोळे उघडत होतं.

"हाक सुरू झाली," मागून वाटाड्या म्हणाला. "इथे कुणीतरी आहे."

वल्लरीने आत्याचा दंड घट्ट धरला. परत जाताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

ठाण्यावर आल्यावर आत्याने कप्प्यातून एक हिरवी पट्टी काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. खांबाच्या पोटात होती अगदी तशीच.

"घाबरायच्या आधी हिची ओळख करून घे," ती म्हणाली. "हा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवर मावलेला छोटासा संगणक). तुझ्या घरचा संगणक शंभर कामं करतो. हा एकच काम करतो, पण ते न थकता, न कंटाळता करत राहतो. कडेला हे धातूचे पाय दिसतात ना? त्यांना पिन म्हणायचं. पिन म्हणजे त्याचे कान आणि हात. काही पिनांवरून तो बाहेरचं जाणून घेतो, काहींवरून बाहेर काहीतरी करतो. मधे काय विचार करायचा ते आपण लिहून द्यायचं. तोच प्रोग्रॅम."

"इंग्रजीत लिहायचा?"

"आमच्या लहानपणी लिहायला लागायचा. आता मराठीत लिही की."

आत्याने एलईडी (अगदी थोड्या विजेवर लागणारा चिमुकला दिवा) पट्टीला जोडून दिला. वल्लरीने आत्याला विचारत विचारत पडद्यावर लिहिलं:

सुरुवातीला:
पिन १३ = बाहेर
पुन्हा पुन्हा:
पिन १३ लाव
थांब एक सेकंद
पिन १३ विझव

"'सुरुवातीला'खाली लिहिलेलं एकदाच होतं," आत्या म्हणाली. "ही पिन हात आहे की कान, एवढं आपण तिथे सांगून टाकतो. 'पुन्हा पुन्हा'खालचं शेवटपर्यंत आलं की तो परत वर जातो आणि तेच करतो. वीज आहे तोवर."

वल्लरीने प्रोग्रॅम पट्टीत धाडला. दिवा लागला. लागलेलाच राहिला.

"विझतच नाहीये. बिघडला!"

"तो तू लिहिलंस तेच करतोय. ओळ ओळ वाच, आणि तू स्वतः तो आहेस असं समज."

वल्लरी बोट ठेवून वाचू लागली. लाव. थांब. विझव. मग परत वर... लाव! "अगं, विझवल्यावर मी त्याला थांबायलाच नाही सांगितलं! विझवल्या विझवल्या परत लावतोय तो."

"इतक्या झटकन, की तुझ्या डोळ्यांना कळतही नाही."

तिने शेवटी आणखी एक 'थांब एक सेकंद' लिहिलं. दिवा उघडझाप करू लागला. लाग, विझ, लाग, विझ. एवढंसं ते, पण वल्लरीला वाटलं आपण एखाद्या प्राण्याला पहिल्यांदाच श्वास घ्यायला शिकवलाय. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली.

मग पाळी आली बटणाची. आत्याने सांगितलं, की पिनेला फक्त दोनच गोष्टी कळतात. विजेचा दाब आहे, म्हणजे एक. दाब नाही, म्हणजे शून्य. "बटणाचं एक टोक पिनेला जोड, दुसरं जमिनीला. ही खरी जमीन नव्हे बरं का. वीज शेवटी जिथे परत जाते, त्या तारेला जमीन म्हणायचं. बटण दाबलं की पिन जमिनीला टेकते आणि शून्य वाचते. आणि हा रेझिस्टर (विजेच्या वाटेत अडसर घालणारा छोटा भाग, म्हणजेच रोधक). याचं एक टोक पिनेला लाव, दुसरं विजेच्या तारेला." तिने तांदळाच्या दाण्याएवढी पट्ट्यापट्ट्यांची वस्तू वल्लरीच्या तळहातावर ठेवली आणि खिचडी टाकायला आत गेली.

वल्लरीने लिहिलं:

सुरुवातीला:
पिन १३ = बाहेर
पिन २ = आत
पुन्हा पुन्हा:
जर पिन २ शून्य असेल तर पिन १३ लाव
नाहीतर पिन १३ विझव

तारा जोडताना रेझिस्टर बोटातून निसटून टेबलाखाली कुठेतरी गेला. जाऊ दे, एवढ्याशा दाण्याने काय अडतंय, असं म्हणत तिने त्याच्याशिवायच प्रोग्रॅम धाडला आणि बटण दाबलं. दिवा लागला! सोडलं, दिवा विझला. तिने खूश होऊन आत्याला हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दिवा आपणहून लागला.

बटणाला कुणी हात लावला नव्हता. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. दिवा थरथरत होता. तिने हात जवळ नेला तसा तो आणखी थरथरला, दूर नेला तसा मंदावला.

वल्लरीच्या मानेवरचे केस उभे राहिले. खांबावरचं ते जे काही होतं, ते त्यांच्यामागून घरी आलं होतं की काय? खुर्ची सरकवून ती भिंतीला टेकली. पण मग तिच्या मनात दुसरा विचार आला. हा दिवा तिने स्वतः जोडला होता. त्याचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. ओळी तर बरोबर होत्या. काय राहिलं होतं? फक्त एक दाणा.

ती गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधू लागली. रेझिस्टर सापडला, तिने तो जागेवर बसवला. दिवा विझला. हात जवळ नेला. विझलेलाच. बटण दाबलं. लागला. सोडलं. विझला. रेझिस्टर काढला, आणि थरथर पुन्हा सुरू.

"आत्याऽऽ!" ती ओरडली. "मला भूत काढता येतं आणि घालता येतं!"

आत्या हातात डाव घेऊनच बाहेर आली आणि टेबलाकडे बघून हसली. "ही तरंगती पिन. बटण दाबलेलं असतं तेव्हा पिन जमिनीला बांधलेली असते, ते ठीक. पण बटण सोडल्यावर ती कशाला बांधलेली असते?"

"कशालाच नाही."

"मग ती शून्य वाचेल की एक?"

वल्लरीने थरथरणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"कडी न लावलेलं दार असतं ना, तसं आहे ते," आत्या म्हणाली. "वारा येईल तसं उघडतं, मिटतं. आतल्या माणसाला वाटतं कुणीतरी आलं. आपल्याभोवती विजेचा असा वारा सारखा असतो. भिंतीतल्या वायरींतून येतो, तुझ्या शरीरावरून येतो. तरंगती पिन इतकी हलकी असते, की तेवढ्यानेही ती हलते. कधी शून्य, कधी एक. रेझिस्टर म्हणजे त्या दाराला लावलेली हलकीशी स्प्रिंग. तो पिनेला वर, म्हणजे एककडे, ओढून धरतो. वाऱ्याने दार हलत नाही. पण माणसाने ढकललं तर उघडतं, कारण स्प्रिंग हलकीच असते."

"आणि त्या खांबावर..."

"गंजाने रेझिस्टरचा पाय तुटलाय, मी सकाळीच पाहिला. वर एवढ्या मोठ्या तारा. धुक्यात त्या आणखी गुणगुणतात, म्हणून धुक्यातच हाका येतात." आत्याने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. "नवीन चिपांच्या पोटात असा एक रेझिस्टर तयारच असतो, तो प्रोग्रॅमनेही चालू करता येतो. पण गंजलेलं बदललेलंच बरं. उद्या जाऊन नवा बसवू."

त्या रात्री वल्लरी शांत झोपली.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. आत्याला तळ्यावरच्या पाणी मोजायच्या यंत्रात जरा काम होतं. "हे आटपून आलेच, मग आपण दोघी खांबाकडे जाऊ," असं सांगून ती वॉकीटॉकी कमरेला अडकवून निघाली. "आणि धुकं आलं तर काय करायचं?"

"उंबरा ओलांडायचा नाही," वल्लरीने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

धुकं आलं. दरीतून कुणीतरी चादर ओढावी तसं ते वर आलं आणि बघता बघता खिडक्या पांढऱ्या झाल्या. फळीवर तारांखालच्या खांबाचा दिवा थरथरू लागला. वाटाड्या उठला.

"जाऊ नकोस, ती खोटी हाक आहे," वल्लरी म्हणाली.

"हाक आहे," वाटाड्या म्हणाला. "जायला हवं."

तो गेला. ठाण्यात वल्लरी एकटीच उरली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

आणि मग फळीवर दुसरा दिवा लागला. तळ्याचा खांब. तो थरथरत नव्हता. लागला आणि स्थिर राहिला.

वल्लरीने वॉकीटॉकी उचलला. "आत्या? आत्या, ऐकतेस का?" नुसती खरखर. तिने पुन्हा पुन्हा हाक मारली. खरखर.

"वाटाड्या! तळ्याच्या खांबाकडे जा! आत्या आहे तिथे!"

वॉकीटॉकीतून वाटाड्याचा आवाज लगेच आला. "तळ्याची हाक मला मिळाली आहे. पण इथली हाक अजून चालू आहे. एका माणसाला धुक्यात सोडून दुसऱ्याकडे जायचं नाही, असा माझा नियम आहे."

"तिथे माणूस नाहीये!"

"मला दिसत नाही," घोगरा आवाज म्हणाला. "मी भोंगा वाजवतोय. पण खांब म्हणतोय, की कुणीतरी आहे."

वल्लरीने दाराकडे पाहिलं. पळत गेलं तर? दारापलीकडे काहीच नव्हतं, नुसता पांढरा रंग. वाट कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, हे त्यात कळलं नसतं. तिने मुठी आवळल्या आणि ती टेबलाशी येऊन बसली.

ठाण्यातून खांबांना रेडिओलहरींवरून नवा प्रोग्रॅम धाडता येत असे. तिने तारांखालच्या खांबाचा प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. बराच मोठा होता, पण वरचीच एक ओळ तिने लगेच ओळखली:

पिन २ = आत

चिपेच्या पोटात असा एक रेझिस्टर तयारच असतो. आत्या बोलून गेली होती. पण तो चालू करायचा कसा? तिने मदतीचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिली. सापडलं. दोनच शब्द होते:

पिन २ = आत, वर ओढ

बोट 'धाड'वर नेऊन ती थांबली. चुकलं तर? खांब कायमचा मुका झाला तर? तिने आधी तो बदल टेबलावरच्या पट्टीत घातला, रेझिस्टर उपटून काढला आणि हात जवळ नेला. दिवा लागला नाही. तळहात अगदी टेकत आणला. नाही. मग बटण दाबलं. लागला.

तरीही तिचं बोट पुढे जाईना. धुक्यात, त्या गुणगुणणाऱ्या तारांखाली, आज खरोखरच कुणी उभं असेल तर? आपण त्याची हाक पुसून टाकली तर? वाडीतल्या माणसांची ती गोष्ट तिला आठवली, आणि खिडकीबाहेरचा पांढरा रंग जवळ सरकल्यासारखा वाटला.

ती स्वतःशीच मोठ्याने बोलू लागली, म्हणजे निदान कुणाचा तरी आवाज येईल. "स्प्रिंग हलकी असते. वाऱ्याला दार हलवता येत नाही. पण माणसाला येतं. तिथे कुणी खरंच असलं आणि त्याने खटका ओढला, तर पिन शून्य होणारच. मी फक्त वाऱ्याला गप्प करतेय. माणसाला नाही."

तिने 'धाड' दाबलं.

पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत गेली. फळीवरचा दिवा थरथरला, पुन्हा थरथरला, आणि विझला. विझलेलाच राहिला.

"हाक थांबली," वाटाड्याचा आवाज आला. "पुढची हाक, तळ्याचा खांब. निघालो."

वल्लरीने डोकं टेबलावर टेकलं.

वाटाड्याचा पिवळा दिवा धुक्यात दिसला तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. उंबरा मात्र तिने ओलांडला नाही. आत्या दोन्ही हातांनी दांडीवर भार टाकून, एका पायावर लंगडत येत होती. शेवाळावरून पाय घसरला होता, घोटा टम्म सुजला होता, आणि वॉकीटॉकी दरीत गेला होता.

गरम पाण्यात पाय सोडून, चहाचा पेला हातात धरल्यावर आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "वल्लरी, मी या खिंडीत इतकी वर्षं काढली, पण आज पहिल्यांदा घाबरले. भोंगा ऐकू येत होता ना लांबून. वाजत होता, वाजत होता, पण जवळच येत नव्हता. एकाच जागी कुणाला तरी बोलावत होता. खटका मी ओढला, लाल दिवाही लागला. पण पलीकडे कुणाला ऐकू गेलंय की नाही, ते कळायला काही मार्गच नव्हता. तेच फार वाईट होतं."

कोपऱ्यात वाटाड्याने पाय दुमडले. "इतके दिवस तारांखाली कुणीच नव्हतं का?" त्याने विचारलं.

"नव्हतं," वल्लरी म्हणाली. "तुझी पिन तरंगत होती. म्हणजे खांबाची."

"मला जे कळतं ते पिनांवरूनच कळतं," वाटाड्या म्हणाला. "पिन खोटं बोलली तर मला खोटं कसं ओळखायचं, ते माहीत नाही. मी पुन्हाही गेलोच असतो."

"जात जा," आत्या म्हणाली. "खोटं बोलणार नाहीत अशा पिना लावायचं काम आमचं."

पुढच्या आठवड्यात आत्याचा पाय बांधलेला होता, म्हणून ती खुर्चीतून सांगत होती आणि वल्लरी करत होती. सगळ्या खांबांच्या प्रोग्रॅममध्ये 'वर ओढ' घातलं. वाटाड्याने मानेखालच्या चिमट्याने पट्ट्या काढून आणल्या, आणि आत्याच्या देखरेखीखाली वल्लरीने गंजलेले रेझिस्टर बदलले. खटका क्षणभर हलला तर ती हाक समजायची नाही, थोडा वेळ खालीच राहिला तरच समजायची, असंही तिने लिहिलं. आणि प्रत्येक पट्टीवर तिने एक जास्तीचा हिरवा एलईडी बसवला. हाक ठाण्यात पोहोचली आणि वाटाड्या तिच्यासाठी उठला, की ठाण्यातून खांबाला उलटा निरोप जायचा आणि तो दिवा लागायचा. त्या प्रोग्रॅमला तिने नाव दिलं होतं 'ऐकलं'.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी धुकं पडलं. फळीवर तारांखालच्या खांबाचा दिवा लागला. वल्लरीने श्वास रोखून पाहिलं. दिवा स्थिर होता.

वाटाड्या परतला तेव्हा दांडी धरून एक म्हातारी चालत होती. डोक्यावरचा पदर भिजून गेला होता, काखेत बोचकं होतं. पलीकडच्या गावी लेकीकडे निघाली होती. तिचं नाव भिकाबाई. चहा दोनदा प्यायल्यावर तिच्या अंगातलं कापरं गेलं.

"भीती वाटली का हो, आजी?" वल्लरीने विचारलं. "त्या खांबाशी?"

"वाटणार नाही तर काय? त्या जागी तर मी दिवसासुद्धा थांबत नाही. पण लाल दिवा लागला, आणि मग बाजूला आणखी काहीतरी उजळलं. म्हटलं, चला, कुणीतरी उत्तर दिलं आपल्याला. बसले तिथंच दगडावर."

"हिरवा दिवा! तो मी लावलाय!"

"हिरवा होता होय?" भिकाबाई हसली. "मोतीबिंदू आहे बाई दोन्ही डोळ्यांत. मला आपला नुसता उजेड दिसला. धुकं आणखी दाट असतं ना, तर तोही दिसला नसता."

वल्लरी हसायला लागली आणि मधेच थांबली. ती उठली, कप्पा ओढला आणि आतले सुटे भाग चाळू लागली.

"काय शोधतेस?" आत्याने विचारलं.

"आवाज करणारं काहीतरी," वल्लरी म्हणाली. "छोटंसं. खांबात मावेल असं."

"डावीकडच्या डबीत बघ."

डबीत बोटाच्या पेराएवढे काळे, गोल बझर होते. वल्लरीने एक उचलला, टेबलावरच्या पट्टीला जोडला, आणि पडद्यावर नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पहिला आवाज इतका कर्कश निघाला, की भिकाबाईने कानांवर हात ठेवले.

"थोडा मऊ कर गं," ती म्हणाली. "माणूस आधीच घाबरलेलं असतं."

"बरं," वल्लरी म्हणाली, आणि तिने ती ओळ खोडून पुन्हा लिहिली.